दम लागतो तिथलं बाक

एप्रिल लागला की आमच्या दाराची पत्रं टाकायची फट बोलायला लागते. एरवी तिच्यातून पिझ्झ्याच्या जाहिराती आणि दातांच्या डॉक्टरची स्मरणपत्रं येतात, तीही निमूटपणे. पण निवडणुकीचा कागद जाड असतो, गुळगुळीत असतो, आणि पायपुसण्यावर थोबाडीत मारल्यासारखा पडतो. बाहेर चेरी फुललेली असते, डॅफोडिल्सनी माना टाकलेल्या असतात, माझं नाक परागांनी वाहत असतं, आणि कागदावर कुणीतरी अनोळखी माणूस खड्ड्याकडे बोट दाखवत उभा असतो. या देशात खड्ड्याकडे बोट दाखवल्याशिवाय उमेदवारी अर्जच घेत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः दाखवलेलं आहे. निळा स्वेटर, गंभीर चेहरा, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा खड्डा. आमच्या रस्त्यावरचा त्याच आठवड्यात बुजवून टाकला होता, दुष्टांनी.

यंदा लीफलेटांच्या आधी एक साधं पाकीट आलं. आत एक प्रश्न. आपल्या शहराच्या कौन्सिलची पुढची निवडणूक आतासारखीच सगळ्या शहराची मिळून एकत्र घ्यावी, की शहराचे वॉर्ड पाडून प्रत्येक वॉर्डातून वेगळा सभासद निवडावा? खाली कारण लिहायला चार ओळी. चार! मला चार ओळींत नीट नमस्कारसुद्धा करता येत नाही.

तो कागद आठवडाभर फ्रिजवर चुंबकाखाली लटकतो आहे. दूध काढायला जातो तेव्हा तो माझ्याकडे बघतो. आणि मला दोन वर्षांपूर्वीचा वसंत आठवतो. असाच ओलसर उन्हाचा, चेरीच्या पाकळ्या वायपरमध्ये अडकण्याचा.

मी ड्रायव्हिंग शिकवतो. गेली बावीस वर्षं. शहर इंग्लंडमध्ये, लेस्टरपासून तासाभरावर आहे; नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला शहर जसं कळतं तसं कुणालाच कळत नाही, असं मी तेव्हा छाती फुगवून सांगत असे. कुठला राउंडअबाउट नवशिक्याला रडवतो, कुठल्या गल्लीत कचऱ्याची लॉरी किती वाजता आडवी येते, कुठल्या शाळेसमोर आया डबल पार्किंग करतात. सगळं शहर माझ्या तळहातावर. फक्त ते मी बसून बघितलेलं होतं, डाव्या सीटवरून, उजवा पाय जादाच्या ब्रेकवर ठेवून.

जुनं मोठं कौन्सिल मोडून शहरापुरतं नवं छोटं कौन्सिल आलं, ती गोष्ट चार वर्षांपूर्वीची. बारा सभासद; त्यांच्याकडे बागा, बाकं, बसथांब्यांची छपरं, दफनभूमीतली हिरवळ. तेव्हाही असाच कागद आला होता, हाच प्रश्न घेऊन. आणि तेव्हा मला उत्तर पाठ होतं.

आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला चर्चच्या हॉलमध्ये पुरणपोळी आणि नाटुकलं यांच्या मधल्या जागेत मी माइक हातात घेतला. तशी ती जागा कायमची माझीच, मी निवेदक. म्हटलं, "मंडळी, या शहरात आपण किती? या हॉलभर. आणि राहतो कुठे? दहा दिशांना. हॉस्पिटलजवळ चार घरं, युनिव्हर्सिटीकडे पाच, नदीपलीकडे तीन. वॉर्ड पाडले तर प्रत्येक वॉर्डात आपण मीठ. चवीपुरतं! पण सगळं शहर एक केलं, तर हेच मीठ एका मुठीत येतं. आणि मग कौन्सिलमध्ये बसतो आपला माणूस!"

टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. पहिल्या रांगेत शालिनीकाकू बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"विनू, तो आपला माणूस तिथे जाऊन काय करणार?"

"आपली कामं, काकू!"

"कुठली?"

हॉल हसला. मीही हसलो, कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला आणि नाटुकल्याची घोषणा करून टाकली. रंगमंचावर अडचणीच्या प्रश्नाला पडदा हे चांगलं उत्तर असतं.

आमची पत्रं गठ्ठ्यांनी गेली. इतरांचीही गेली असतील. ठरलं: वॉर्ड नाहीत, सगळं शहर एक. मग तो आपला माणूस कोण, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थोडा वेळ नाही-नाही म्हणून दाखवलं. प्रवेश घेण्याआधी नट जरा विंगेत थांबतोच.

मतपत्रिका टॉवेलएवढी लांब होती. पेन्सिल दोरीला बांधलेली. लोक नावं वाचता वाचता खाली खाली सरकत जायचे आणि दोरी पुरायची नाही. मला मतं पडली ती मंडळाची, आणि माझ्या विद्यार्थ्यांची. पास झालेल्यांनी कृतज्ञतेनं दिली, नापास झालेल्यांनी भीतीनं. बारांत आठवा आलो. मोजणीच्या हॉलबाहेर कारपार्कमध्ये मंडळानं लेझीम खेळली, आणि ट्रॅफिक वॉर्डननं सगळ्यांच्या गाड्यांवर तिकिटं लावली.

पॉलीन पंधरावी आली. पॉलीन म्हणजे आमच्या भागाची जुनी कौन्सिलर, जुन्या वॉर्डांच्या काळातली. शाळेत मुलांना जेवण वाढण्याच्या कामावरून रिटायर झालेली, गुडघा दुखरा, रेनकोट बाराही महिने. आमच्या चढावरच्या सात-आठ रस्त्यांत तिला न ओळखणारं कुत्रंही नव्हतं. पण नदीपलीकडे तिचं नाव कोण घेणार? मला मात्र नदीपलीकडचे लोक ओळखत होते. मी तिथेच थ्री-पॉइंट टर्न शिकवतो.

निकालानंतर तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "वेळ झाला की एकदा माझ्याबरोबर आपले रस्ते चालायला ये. मी दाखवते." मी म्हटलं, "नक्की, नक्की." मला ते फार गोड वाटलं. गेलो नाही.

शालिनीकाकू आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहतात, चढाच्या पायथ्याशी. वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. काकू त्यांना कायम 'डॉक्टर'च म्हणत. स्वयंपाकघरातूनही हाक "डॉक्टर, ताट वाढलंय" अशी. अर्ध्या शहराला त्या माणसानं झोपवलं आणि झोपवलेल्या प्रत्येकाला उठवलं. मग हळूहळू त्यांच्या स्वतःच्या डोक्यात धुकं उतरलं. आधी किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग मुलांची नावं. काकूंनी जमेल तितकं घरीच केलं. शेवटी चढाच्या माथ्यावरच्या केअर होममध्ये त्यांना ठेवावं लागलं.

रोज साडेदहाला काकू निघायच्या. पर्समध्ये छोटा डबा. कधी शिरा, कधी मऊ केलेला चिवडा. अकराला पोचायच्या. बस होती, पण ती खालून वळसा घालून जाते आणि मध्ये बदलावी लागते. चढ चालून गेलं तर थोडक्यात होतं. फक्त मध्यावर एकदा टेकायचं.

टेकायला एक बाक होतं. ते बाक मी हजार वेळा पाहिलेलं. हिल स्टार्टला त्याच्याइतकी झकास जागा शहरात नाही! नवशिक्याला तिथे थांबवायचं, हँडब्रेक ओढायला लावायचा, आणि म्हणायचं, आता मागे न घसरता पुढे निघ. बाजूला बाकावर काकू बसलेल्या असायच्या. मी काच खाली करून "काकू, बघा हं, आता मजा!" असं ओरडायचो. गाडी मागे यायची, विद्यार्थी किंचाळायचा, काकू पदराआड हसायच्या. कितीतरी सकाळी असा आमचा छोटा प्रयोग झाला. एकच प्रेक्षक, पण तिकीट रोजचं.

एक गोष्ट मात्र मी कधी मनावर घेतली नाही. ते बाक समोरच्या गॅरेजच्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून होतं. वीस पावलं वर गेलं की झाडी संपते आणि अख्खं शहर दिसतं, नदीसकट. कुणीही शहाणा माणूस बाक तिथे बसवेल. हे खालीच का, ते मला काकूंनी पुढे सांगितलं. डॉक्टर केअर होममध्ये गेले त्या वर्षी पॉलीन एका सकाळी त्यांच्याबरोबर तो चढ चढली होती. हातात खडू. म्हणाली, कुठे दम लागतो ते सांग. काकू थांबल्या तिथे तिनं फुटपाथवर फुली मारली. मग तीच पुढे आठवडाभर येत राहिली. फुली एकदा अर्धा हात वर सरकवली, एकदा खाली. आणि महिनाभरात तिथे बाक आलं.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत कौन्सिलपुढे बाकांचा विषय आला. शहरातली बाकं जुनी झाली होती. अधिकाऱ्यानं यादी दिली: काही काढायची, काही नवी नदीकाठी आणि चौकात बसवायची. काढायच्या यादीत नंबर होते, रस्ते होते, आणि पुढे शेरे. एका नंबरापुढे होतं: दृश्य नाही, वर्दळ नाही, भिंतीसमोर. आमच्या चढाचा रस्ता लांब आहे, खालच्या सपाटीवरच तीन बसथांबे आहेत त्याच्यावर. त्याचं नाव वाचून माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. नंबरावर पदर नव्हता, डबा नव्हता.

आणि मी उभा राहिलो. माझं कौन्सिलमधलं सगळ्यात गाजलेलं भाषण ते. म्हटलं, "भिंतीकडे तोंड करून बाक! आमच्या लहानपणी वर्गात खोड्या काढणाऱ्याला असं बसवायचे. या शहरातल्या म्हाताऱ्यांनी असा कुठला गुन्हा केलाय?" सभागृह खळखळून हसलं. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. बाराच्या बारा हात वर. त्यातला एक माझा, सगळ्यांत उंच.

पुढे काही आठवड्यांनी ऑफिसच्या साप्ताहिक टिपणात एक ओळ आली: बाकांबाबत आलेली पत्रं, एक. मी ती वाचली. आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. फक्त एक!

चेरी फुलली. एप्रिलच्या सुरुवातीला मीनलला घेऊन मी चढावर गेलो. मीनल इथेच जन्मलेली, चाळिशीची, शाळेत मदतनीस, चार वेळा टेस्ट नापास. माझ्याहून पंधराएक वर्षांनीच लहान, पण मला काका म्हणते. हिवाळाभर तिनं शिकणं बंद ठेवलं होतं. त्या काळात माझे सगळे विद्यार्थी टेस्टच्या रस्त्यांवर घासत होते, त्यामुळे मीही इकडे आलो नव्हतो. तिनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि डावीकडे बघत राहिली.

"काका, इथे एक आजी बसायची ना? मी रोल बॅक झाली की ती नेहमी स्माइल करायची."

"हो, शालिनीकाकू. येतील. आरशात बघ."

"पण बसणार कुठे? बाक कुठे गेली?"

मी बघितलं. फुटपाथवर काँक्रीटचे दोन चौकोन होते आणि त्यांतून चार बोल्ट वर आलेले. बोल्टांना गंज चढायला लागला होता. समोर विटांची भिंत.

"काका? जाऊ का मी? मागे गाडी आलीय. काका, आय ॲम गोइंग, ओके?"

ती निघाली. आयुष्यात पहिल्यांदा, इंचभरही मागे न घसरता. मी आरशात ते चार बोल्ट लहान होताना बघत होतो.

मीनलला सोडून मी काकूंच्या दारात गेलो तेव्हा अकरा वाजत आले होते. त्या घरी असायलाच नको होत्या. दार उघडलं तर अंगात कोट, पायात बूट, मफलर गुंडाळलेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून त्या श्वास गोळा करत होत्या.

"आत्ताच आले बघ," त्या म्हणाल्या. "आज अर्ध्यापर्यंत गेले होते."

"अर्ध्यापर्यंत?"

"रोज जाते. वाटतं, एखाद दिवस दम पुरेल. नाही पुरत. तिथे टेकायला काही नाही, मग वळते. उतरताना दम लागत नाही, ते एक बरंय."

"किती दिवस, काकू?"

"सात आठवडे झाले. सोमवारी आणि गुरुवारी शेजारची सूझन नेते गाडीतून. बाकीचे दिवस ती कामावर असते बिचारी."

मी खाली बसलो, त्यांच्या पायांशी. मी दोन रस्त्यांवर, दारात गाडी. म्हटलं, "मला एक फोन का नाही केलात?"

"पत्र लिहिलं होतं की कौन्सिलला. स्वतःच्या हातानं. त्यांनी बाराजणांची यादी पाठवली. म्हणे हे बाराही तुमचेच, कुणालाही कळवा. त्यात तूही होतास."

"अहो, पण मी विनू आहे! मला हक्कानं सांगायचं."

काकूंनी मफलर सोडला. घडी घातली. "तुला फोन करून बाक मागायचं म्हणजे वशिला झाला रे. डॉक्टरांना चाललं नसतं. पॉलीनकडे नव्हता मागितला वशिला. तिचं ते कामच होतं, ती दारात यायची. तुझं काम कुठलं, ते मला नीट कळलं नाही. म्हणून पत्र लिहिलं."

माणूस नाटकी असला की त्याच्याजवळ प्रत्येक प्रसंगाला एखादा चेहरा असतो. त्या जिन्यापाशी मला एकही सापडेना.

एल लावलेल्या गाडीतून मी त्यांना वर नेलं. डॉक्टर खिडकीत बसले होते. मोठी खिडकी, खाली चढ दिसतो. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं: दहा, नऊ, आठ, सात. भूल देताना रुग्णाला मोजायला सांगायचे ते. सगळं गेलं, एवढे आकडे राहिले.

"मी येईपर्यंत मोजतात," काकू म्हणाल्या. "अकरा वाजले की सुरू."

तिथली सेविका, गोड मुलगी, माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "त्या येत नाहीत त्या दिवशी हे मोजत एकपर्यंत जातात, आणि परत दहापासून. जेवणापर्यंत चालतं."

काकूंनी डबा उघडला. डॉक्टर चारवर थांबले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, ओळखीनं असं म्हणवत नाही, पण मोजणं थांबलं.

त्यानंतर मी रोज साडेदहाचा तास मोकळा ठेवला. रोज नेलं. पाच आठवडे. मेच्या मध्यावर, चेरीचा सडा सुकून तपकिरी झाला होता तेव्हा, डॉक्टर गेले. काकू जवळ होत्या. त्यांना आणि डॉक्टरांना त्या वसंतात बारा आठवडे मिळाले होते, आणि त्यांतले सात, सोमवार-गुरुवार सोडले तर, त्यांच्या हातून गेले. खिडकीतून आणि चढाच्या मध्यातून. कुणी दुष्टपणानं नेले नाहीत. बाराजणांनी हसत हात वर करून नेले.

बाक परत आणायला मला जूनपर्यंत भांडावं लागलं. अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, आणतोच आहोत तर वीस पावलं वर घेऊ, दृश्य छान आहे. मी म्हटलं, त्याच चार बोल्टांवर. त्यानं फॉर्म दिला, जागेचं कारण लिहायला. मी लिहिलं: इथे दम लागतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

आता हा फ्रिजवरचा कागद. वॉर्ड पाडा, असं लिहून मोकळा होणार होतो. पण हात अडतो. कारण काकूच सांगतात की पॉलीनच्या आधीचा कौन्सिलर वॉर्डाचाच होता, आणि अकरा वर्षांत त्यानं त्यांचं फाटक उघडलं नाही. आमच्या रस्त्यांची मतं त्याला लागत नव्हती. रेषा आखल्यानं माणूस दारात येतोच असं नाही. आणि रेषा पुसल्यानं माझ्यासारखा एक माणूस, मीठ-मीठ ओरडत, आत गेला हेही खरं. जुन्या वॉर्डांत तसा चेहरा कधी गेलाच नव्हता. पाडव्याच्या त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. लोकांना आपलं कुणीतरी हवं होतं. फक्त मी त्यांचा झालो आणि चढाचा राहिलो नाही.

काल सकाळी तो कागद खिशात घालून मी निघालो. गाडी नेली नाही. बावीस वर्षांत तो चढ मी पायी चढलो नव्हतो. काकू बाकावर होत्या. डॉक्टर गेल्यावरही त्या रोज साडेदहाला निघतात, बाकापर्यंत येतात, भिंतीसमोर थोडा वेळ बसतात आणि उतरतात. पुढे जात नाहीत. मी तिथे पोचलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नाक गळत होतं, गुडघे बोलत होते.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "गाडी कुठाय?"

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा.

"वॉर्ड झाले तर तू उभा राहशील?"

"हरेन, काकू," मी धापा टाकत म्हटलं. "या सात-आठ रस्त्यांत आपली घरं तीन. तुमचं आणि माझं धरून."

"हरशील," त्यांनी मान डोलावली. "पण मतं मागायला दारोदार चालत यावं लागेल ना?"

"लागेल."

"मग ये," त्या म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी बाकावर जागा केली. "आधी बस."